गुलामांच्या व्यापाऱ्याचें तारण

न्यूटन हें नांव घेतलें म्हणजे आमच्या वाचकांस झाडावरून पडणारें सफरचंद आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आठवतो. आज आम्ही ज्या न्यूटनचें चरित्र सांगणार आहों तो दुसरा. त्याचें नांव जॉन. तो शास्त्रज्ञ नव्हता. खलाशी होता, पुढें गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला, त्याहून पुढें ख्रिस्ती पाळक झाला, आणि इंग्रजी भाषा जेथें जेथें गेली तेथें तेथें गाइलें जाणारें 'अमेझिंग ग्रेस' हें भजन मागें ठेवून १८०७ सालीं मरण पावला.

हें भजन ज्यांनीं ऐकलें आहे त्यांपैकीं पुष्कळांस त्याच्या कर्त्याची एक कथाही ठाऊक असते. ती अशी कीं, गुलामांचा एक निर्दय व्यापारी भर समुद्रांत वादळांत सांपडला, त्यानें देवाचा धांवा केला, जहाज वांचलें, त्याच क्षणीं त्याचें मन पालटलें, आणि तो पापी धंदा टाकून देऊन त्यानें भजन रचलें. आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकि झाल्याची जी गोष्ट पुराणिक सांगतात तिच्याच जातीची ही. कथा गोड आहे. परंतु वकिलीच्या धंद्यामुळें आम्हांस तारखा पाहण्याची खोड लागली आहे, आणि तारखा या कथेविरुद्ध साक्ष देतात. वादळ झालें १७४८ सालच्या मार्चांत. गुलामांच्या जहाजाचें कप्तानपद न्यूटननें स्वीकारलें तें १७५० सालीं, म्हणजे वादळानंतर. समुद्र सोडला १७५४ सालीं, आणि तोही धंद्याचा तिटकारा येऊन नव्हे. भजन प्रथम लोकांपुढें आलें १७७३ च्या पहिल्या दिवशीं. आणि गुलामांचा व्यापार हें घोर पाप आहे असें त्यानें छापून सांगितलें तें १७८८ सालीं. वादळापासून कबुलीपर्यंत चाळीस वर्षें! या चाळीस वर्षांचा हिशेब लावणें हाच आमच्या मतें या चरित्राचा खरा विषय होय.

हा हिशेब समजण्यास ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील दोन गोष्टींचा भेद आमच्या इतर धर्मांच्या वाचकांनीं ध्यानांत घेतला पाहिजे. पहिली गोष्ट तारण. मनुष्य पापी आहे, स्वतःच्या पुण्याईनें तो पापाच्या ऋणांतून सुटूं शकत नाहीं, येशू ख्रिस्तानें वधस्तंभावर प्राण देऊन तें ऋण फेडलें, आणि जो त्याजवर विश्वास ठेवतो त्यास ही सुटका केवळ कृपेनें मिळते, असा तो सिद्धांत. पेढीच्या भाषेंत बोलावयाचें तर ऋणकोच्या नांवें असलेली बाकी दुसऱ्यानें भरली आणि खातें मिटलें. दुसरी गोष्ट मनाचें नवीकरण. पौलानें रोम येथील मंडळीस जें पत्र लिहिलें त्याच्या बाराव्या अध्यायांत, आपल्या काळाची चालरीत हाच आपला सांचा मानूं नये, मन नवें करून घेऊन स्वतः पालटत जावें, असा बोध केला आहे. हा बोध श्रद्धा नसलेल्यांस केलेला नाहीं, ज्यांचें खातें मिटलें आहे त्यांसच केलेला आहे, हें विसरतां कामा नये. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायांत पौलानें स्वतःच्या अंतःकरणांतील झगडा उघड करून दाखविला आहे. चांगलें काय तें कळूनही हातून वाईट कसें घडतें याची ती खंत आहे. सारांश, कर्ज एका दिवसांत फिटूं शकतें. ज्या खोडीमुळें कर्ज झालें ती खोड एका दिवसांत जात नाहीं. आणि काळाच्या चालरीतीनेंच ज्या खोडीस सद्गुणाचें नांव दिलें असेल, ती तर खोड आहे हेंच प्रथम कळत नाहीं.

न्यूटनचा जन्म १७२५ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या वॉपिंग नांवाच्या बंदरवस्तींत झाला. बाप भूमध्य समुद्रांत व्यापारी जहाज नेणारा कप्तान, करडा मनुष्य. आई धर्मनिष्ठ, तिनें मुलास अगदीं लहानपणीं धर्मग्रंथांतले उतारे व भजनें तोंडपाठ करविलीं. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी तिची इच्छा होती, पण त्याचें सातवें वर्ष पुरें होण्यापूर्वींच ती क्षयानें वारली. अकराव्या वर्षीं बापानें त्यास जहाजावर घेतलें. १७४२ सालीं त्यास जमेका बेटांतील उंसाच्या मळ्यावर पाठवून द्रव्य मिळविण्यास लावावें असें ठरलें. परंतु मध्यंतरीं केंट परगण्यांत आईच्या स्नेह्यांकडे तो भेटीस गेला, तेथें मेरी कॅटलेट नांवाची चौदाव्या वर्षांत असलेली मुलगी त्याच्या दृष्टीस पडली, आणि तो तेथून हलेना. जहाज निघून गेलें. पुढील सात वर्षांत त्यानें जे नाना प्रकारचे भोग भोगले त्यांत या मुलीची आठवण एवढाच एक दोर त्याच्या हातीं राहिला होता असें तो स्वतः सांगतो.

१७४४ सालीं, फ्रान्सशीं युद्ध पेटण्याच्या सुमारास, रस्त्यांतून धट्टेकट्टे तरुण बळजबरीनें उचलून आरमारावर नेणाऱ्या सरकारी टोळीनें त्यास पकडलें आणि हार्विच नांवाच्या लढाऊ जहाजावर घातलें. बापाच्या वशिल्यानें तेथें त्यास लहानशी हुद्द्याची जागा मिळाली. ती सोडून तो पळाला, पकडला गेला, सर्वांसमक्ष उघड्या पाठीवर फटके खाऊन साध्या खलाशांत ढकलला गेला. याच जहाजावर एका सोबत्याच्या नादानें व शाफ्ट्सबरीच्या ग्रंथाच्या वाचनानें त्यानें धर्मश्रद्धा सोडली. श्रद्धा सोडणें हा कांहीं अपराध नव्हे, निदान आमच्या मतें नव्हे. विचार करून नास्तिक झालेले कित्येक सज्जन आम्हांस ठाऊक आहेत. परंतु न्यूटननें विचारापेक्षां मोकळीक अधिक साधली. शिव्याशाप, मद्य, व्यभिचार आणि दुसऱ्यांच्या श्रद्धेची कुचेष्टा हा त्याचा नित्यक्रम झाला. जहाज हिंदुस्थानच्या दिशेस निघालें होतें. १७४५ सालीं मदीरा बेटाशीं मुक्काम असतां, आफ्रिकेस जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावरील माणसांशीं अदलाबदल करण्याची संधि आली ती त्यानें साधली, आणि आमच्या देशाकडे येतां येतां तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागला.

तेथील हकीगत आमच्या वाचकांनीं नीट लक्षांत ठेवावी. सिएरा लिओनच्या बाजूस प्लँटेन नांवाचीं लहान बेटें आहेत. क्लो नांवाच्या एका गोऱ्या गुलामव्यापाऱ्याच्या पदरीं न्यूटन तेथें राहिला. क्लोची एक आफ्रिकन स्त्री होती. तिची त्याजवर खप्पा मर्जी झाली. न्यूटन तापानें फणफणून पडला असतां तिनें त्याच्या उशाशीं पाणीही ठेवूं दिलें नाहीं. बरी मनःस्थिति असली म्हणजे आपल्या ताटांतलें उरलेंसुरलें ती त्यास पाठवी. रात्रीं मळ्यांत शिरून तो कंद उपटून कच्चेच खाई. अंगावर एक सदरा, एक विजार, डोक्यास रुमाल. युक्लिडच्या भूमितीचें एक पुस्तक जवळ होतें. किनाऱ्यावर एकांतांत बसून वाळूंत काठीनें आकृति काढून तो तें शिकला. आणि या दशेंत त्यास चोरून अन्न कोणीं दिलें? विकण्यासाठीं बेड्या घालून ठेवलेल्या गुलामांनीं. स्वतःच्या अपुऱ्या शिध्यांतून त्यांनीं त्यास घांस दिला. हें आम्ही कल्पनेनें लिहीत नाहीं. न्यूटननेंच आपल्या आत्मवृत्तांत हें लिहून ठेविलें आहे.

कांहीं काळानें धनी बदलून त्याचे दिवस बरे आले, आणि १७४७ सालीं ग्रेहाउंड नांवाच्या जहाजानें त्यास उचललें. या जहाजाच्या कप्तानास न्यूटनच्या बापाच्या विनंतीवरून मुलाचा तपास करण्याची सूचना होती. जहाजावर सोनें, हस्तिदंत, मेण व रंगाचें लांकूड असा माल होता. न्यूटनच्या तोंडच्या शिव्या ऐकून तो कप्तानही विटला, यावरून त्याची कल्पना करावी. घरच्या वाटेवर, उत्तर अटलांटिक महासागरांत, १७४८ सालच्या मार्चांत (त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें दहावी तारीख, हल्लींच्या हिशेबानें एकविसावी) रात्रीं भयंकर वादळ झालें. न्यूटन झोंपेंतून उठून वर धांवला, तों कप्तानानें त्यास सुरी आणण्यास परत फिरविलें. त्याच्याऐवजीं जो दुसरा मनुष्य वर चढला तो त्याच क्षणीं लाटेबरोबर वाहून गेला. जहाजाच्या एका बाजूचीं फळकुटें फुटलीं होतीं. मेण व लांकूड हा माल पाण्याहून हलका म्हणूनच जहाज तरंगत राहिलें. न्यूटन तासन् तास पंपावर उभा होता, मग स्वतःस दोरानें बांधून घेऊन सुकाणूवर उभा होता. पंपावर असतांना सहज बोलण्याच्या भरांत त्याच्या तोंडून ईश्वराच्या दयेचें नांव निघालें आणि आपलेच शब्द ऐकून तो चपापला: आपल्यासारख्यावर कसली दया? पुढें चार आठवडे मोडकें जहाज व संपत आलेलें अन्न यांवर काढून ८ एप्रिल रोजीं तें आयर्लंडच्या किनाऱ्यास लागलें.

येथें न्यूटनचें तारण झालें असें तो मानीत असे आणि मरेपर्यंत २१ मार्च हा दिवस तो उपवास व प्रार्थना यांत घालवी. आम्ही त्याच्या या समजुतीवर वाद घालणार नाहीं. शिव्या त्या दिवसापासून सुटल्या, प्रार्थना सुरू झाली. खुद्द त्यानेंच पुढें कबूल केलें आहे कीं, पूर्ण अर्थानें आपण तेव्हां विश्वासी झालों नव्हतों, त्यास पुष्कळ काळ लागला. पण कसकसा काळ लागला तें पाहण्याजोगें आहे.

त्याच वर्षीं लिव्हरपूल येथील जोसेफ मॅनेस्टी नांवाच्या जहाजमालकानें त्यास गुलाम आणण्यासाठीं जाणाऱ्या जहाजावर दुय्यम अधिकारी नेमिलें. १७५० सालीं मेरी कॅटलेटशीं लग्न झालें आणि त्याच वर्षीं तो ड्यूक ऑफ आर्गाइल या जहाजाचा कप्तान झाला. त्यानंतर आफ्रिकन नांवाच्या जहाजावर आणखी दोन सफरी. या व्यापाराचा क्रम आमच्या व्यापारी वाचकांस चटकन समजेल. लिव्हरपुलाहून कापड, बंदुका, दारू व लोखंडी सामान घेऊन आफ्रिकेस जावयाचें. तेथें महिनेच्या महिने किनाऱ्यानें फिरून माणसें खरेदी करावयाचीं. तीं वेस्ट इंडीज बेटांत विकावयाचीं. आणि साखर वगैरे माल घेऊन घरीं परतावयाचें. सुमारें चार शतकांत युरोपियन राष्ट्रांनीं याप्रमाणें जवळ जवळ सव्वा कोटि माणसें आफ्रिकेंतून जहाजांवर चढविलीं, आणि त्यांपैकीं सुमारें अठरा लाख समुद्रांतच मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

कप्तान न्यूटन जहाजावर रविवारीं खलाशांस जमवून उपासना चालवी. रिकाम्या वेळांत लॅटिन शिके. पत्नीस प्रेमळ व ईश्वरभक्तीनें भरलेलीं लांबच लांब पत्रें लिही. आणि त्याच टेबलावर तो जहाजाची रोजनिशी लिही. ती रोजनिशी उपलब्ध आहे. तींत गुलामांस नांवें नाहींत, आंकडे आहेत. अमुक आंकड्याचा पुरुष आज मेला, समुद्रांत टाकला. अमुक आंकड्याची मुलगी मेली. बंडाचा बेत असल्याचा संशय आला तेव्हां मुलांच्या अंगठ्यांस लोखंडी चाप लावून कबुली घेतल्याची नोंदही तींत आहे. वाल्या कोळी माणूस मारला कीं रांजणांत खडा टाकी. पण वाल्याला आपण वाटमारी करतों हें ठाऊक होतें, आणि जगही त्यास वाटमाऱ्याच म्हणे. न्यूटनचा रांजण जमाखर्चाच्या वहींत होता आणि जग त्यास प्रतिष्ठित गृहस्थ म्हणत असे. १७५४ सालीं संपलेल्या तिसऱ्या सफरींत एकही गुलाम अथवा खलाशी मेला नाहीं, ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. त्याबद्दल त्यानें देवाचे मनःपूर्वक आभार मानले. हे आभार ढोंगाचे होते असें आम्हांस वाटत नाहीं. ढोंगी असता तर प्रश्न सोपा होता. प्रश्न अवघड आहे तो तो प्रामाणिक होता म्हणूनच.

त्याच्या मनास टोंचणी अजिबात नव्हती असेंही नाहीं. बेड्या, कड्या व कुलुपें यांच्यामध्यें वावरतांना आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारी झालों आहों असें त्यास वाटे, आणि याहून दयेचा उद्योग मिळावा अशी तो प्रार्थना करी. परंतु हा धंदा अन्याय्य आहे असा संशय त्यास त्या काळीं कधींही आला नाहीं, असें त्यानेंच सांगितलें आहे. ईश्वरानेंच आपली ही नेमणूक केली असें तो समजत होता. आपल्यास न आवडणारें काम आणि पाप यांतला भेद त्यास दिसला नाहीं. ज्यांनीं उपाशी असतां आपल्यास घांस दिला त्यांच्याच भाऊबंदांस आपण बेड्या घालतों आहों, ही गोष्ट त्याच्या मनांत जोडली गेली नाहीं. १७५४ च्या नोव्हेंबरांत, चौथ्या सफरीस निघण्यास दोनच दिवस उरले असतां, घरीं पत्नीबरोबर चहा घेतांना त्यास एकाएकीं झटका आला, तो बेशुद्ध पडला, आणि वैद्यांच्या सल्ल्यावरून त्यानें समुद्र सोडला. मॅनेस्टीकडे त्याची पुंजी होती. पुढें मॅनेस्टीचें दिवाळें वाजलें तेव्हां ती बुडाली.

येथें कायद्याचाही विचार केला पाहिजे. पार्लमेंटानें या व्यापारास उत्तेजन दिलें होतें, विमेवाले गुलामांचा विमा उतरीत, बंदराची भरभराट त्यावर होती. १७८१ सालीं झाँग नांवाच्या लिव्हरपूलच्या जहाजावरून, पाणी पुरणार नाहीं या सबबीवर, सुमारें एकशें तीस जिवंत माणसें समुद्रांत फेंकलीं गेलीं. त्यानंतर लंडनच्या न्यायालयांत खटला झाला तो खुनाचा नव्हे; मालाच्या नुकसानीबद्दल विम्याचे पैसे मिळावे म्हणून मालकांनीं लावलेला दिवाणी दावा! १७८३ सालीं पंचांनीं निकाल मालकांच्या बाजूनें दिला. लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढें फेरविचार होऊन पुन्हां चौकशीचा हुकूम झाला खरा, तथापि त्या खुनांबद्दल कोणासही शिक्षा झाली नाहीं. कायदा शिकलेल्या माणसानें हा खटला वाचावा आणि कायदेशीर या शब्दावर आपण किती विसंबतों तें स्वतःस विचारावें.

लिव्हरपूल बंदरांत न्यूटन जकातीचा अधिकारी झाला. ग्रीक व हिब्रू शिकला. आणि बरेच प्रयत्न केल्यावर १७६४ सालीं दीक्षा मिळून ओल्नी नांवाच्या गांवीं पाळक झाला. तेथें लेस विणून पोट भरणाऱ्या गरीब लोकांची वस्ती होती. कवि विल्यम कूपर हा तेथें त्याचा शेजारी. कूपरास उन्मादाचे झटके येत. १७७३ सालीं असा झटका आला तेव्हां न्यूटननें त्यास वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून सांभाळलें. दोघांनीं मिळून रचलेल्या ३४८ भजनांचा संग्रह १७७९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतलीं बहुतेक न्यूटनचीं. ज्या भजनाचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला तें त्यांतलेंच. आज जी चाल सर्वतोमुखीं आहे ती अमेरिकेंत १८३५ सालीं त्यास जोडली गेली. ज्या काळ्या लोकांच्या पूर्वजांस न्यूटनसारख्यांनीं बेड्या घालून नेलें, त्यांच्या अमेरिकेंतील मंडळ्यांनींही तें आपलें मानलें, हें त्यांच्या औदार्याचें लक्षण होय. भजनांत कृपेनें अंधत्व गेल्याची साक्ष आहे. गुलामांविषयीं एक शब्द नाहीं. तें लिहिलें तेव्हां लेखकास समुद्र सोडून अठरा वर्षें झालीं होतीं, आणि त्या एका बाबतींत त्याची दृष्टि अजून उघडली होती असा जाहीर पुरावा कोठेंही नाहीं.

मग पालट कसा झाला? आमच्या मतें तो वादळासारखा झाला नाहीं. ओल्नीच्या गरीब बायाबापड्यांच्या दुःखांत सोळा वर्षें काढल्यानें, रोज स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेण्याच्या शिस्तीनें, आणि सभोंवारच्या लोकमतांतही फेर पडूं लागल्यानें तो झाला. क्वेकर पंथाचे लोक आधींपासून या व्यापाराविरुद्ध बोलत होते. १७८० सालीं न्यूटन लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ या मंदिरांत आला. हें मंदिर लाँबर्ड स्ट्रीटवर, म्हणजे सराफांच्या व पेढीवाल्यांच्या ऐन मध्यावर. १७८५ च्या डिसेंबरांत विल्यम विल्बरफोर्स नांवाचा पार्लमेंटचा सव्वीस वर्षांचा सभासद लोकांची नजर चुकवून त्यास भेटावयास आला. दार ठोठावण्याचें धैर्य होण्यापूर्वीं त्यानें चौकाला दोन फेऱ्या घातल्या. नुकत्याच जागृत झालेल्या धर्मभावनेमुळें राजकारण सोडावें काय हा त्याचा प्रश्न. न्यूटननें त्यास राजकारणांतच राहण्याचा सल्ला दिला. संन्यास घेऊं पाहणाऱ्यास संसारांत परत धाडणारा गुरु विरळा. आणि या एका सल्ल्याचें मोल न्यूटनच्या साऱ्या प्रवचनांहून अधिक आहे असें आम्ही समजतों.

१७८८ सालीं न्यूटननें आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापाराविषयीं आपले विचार एका लहान पुस्तकांत प्रसिद्ध केले. ही कबुली फार उशिरां येत आहे, ज्या धंद्याच्या आठवणीनें आपलें हृदय आतां कांपतें त्यांत आपण स्वतः भागीदार होतों, अशा अर्थाची कबुली त्यानें प्रारंभींच दिली. पुढें तो साक्षीदारासारखा बोलतो. आधीं इंग्रज खलाशी या धंद्यांत किती मरतात व उरतात ते कसे निर्ढावतात तें सांगतो, कारण श्रोत्यांस स्वजातीचें नुकसान आधीं कळतें हें तो जाणून होता. मग जहाजाच्या पोटांत गुलाम कपाटांतील पुस्तकांसारखे दाटीनें कसे निजविले जात, दोघांस एका बेडींत अडकविल्यामुळें वळणेंही कसें दुष्कर होई, सकाळीं कधीं कधीं जिवंताच्या बेडींत प्रेत कसें सांपडे, हें सांगतो. आईच्या कुशींतलें रडणारें तान्हें मूल झोंप मोडतें म्हणून समुद्रांत भिरकावून देणाऱ्या एका अधिकाऱ्याची हकीगत सांगतो. ऐकीव निबंध पुष्कळ होते. कप्तानाची साक्ष निराळी. तें पुस्तक पार्लमेंटच्या सभासदांकडे पोंचविण्यांत आलें. प्रिव्ही कौन्सिलपुढें व पुढें कॉमन्स सभेच्या कमिटीपुढें त्यानें साक्ष दिली.

या साक्षीची किंमत आम्ही मोठी समजतों. शिव्या व मद्य सोडल्यानें कोणी मित्र तुटत नाहीं. उलट लोक वाहवा करतात. ज्या धंद्यावर पेढ्या चालतात, बंदरें वाढतात, देवळांस देणग्या मिळतात, त्यास त्याच पेढीवाल्यांच्या मधोमध उभें राहून पाप म्हणणें, आणि त्या पापांत आपलें नांव प्रथम घालणें, ही गोष्ट निराळी. पापाशीं जो झगडा चालतो त्यांत वैयक्तिक व्यसनें ही बाहेरची तटबंदी होय. ती लवकर पडते. ज्यास आपला समाज पापच म्हणत नाहीं तें पाप बालेकिल्ल्यांत बसलेलें असतें. न्यूटनचा बालेकिल्ला पडावयास चाळीस वर्षें लागलीं; पुष्कळांचा मरेपर्यंत पडत नाहीं, आणि ते निश्चिंत मनानें देवपूजा करीत असतात. ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान, पारशी असा यांत कांहीं भेद आम्हांस दिसत नाहीं. तारण पुरें झालें, आतां मनास हात लावण्याचें कारण नाहीं, असें जो समजतो त्यानें न्यूटनची रोजनिशी व न्यूटनचें पुस्तक शेजारीं शेजारीं ठेवून वाचावें.

पत्नी १७९० च्या डिसेंबरांत कर्करोगानें गेली. म्हातारपणीं न्यूटनची दृष्टि अधू झाली, तरी तो प्रवचनास उभा राहत असे. १८०७ च्या मार्चांत इंग्लंडानें गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं, ब्यांयशींव्या वर्षानंतर, न्यूटन वारला.

या कायद्याबद्दल इंग्रज लोक स्वतःची पाठ फार थोपटून घेत आले, म्हणून त्याच्या पुढचा इतिहासही नोंदवून ठेवणें आम्हांस जरूर वाटतें. १८०७ च्या कायद्यानें खरेदीविक्रीची वाहतूक थांबली, गुलामगिरी नव्हे. ती उठविणारा कायदा १८३३ सालीं झाला, आणि त्यान्वयें दोन कोटि पौंड नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांच्या मालकांस; गुलामांस एक पैही नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांतला मुलूख त्या कायद्यांतून वगळण्यांत आला होता. आमच्या देशांत गुलामाच्या मालकीचा हक्क न्यायालयांनीं ओळखूं नये असें ठरलें तें १८४३ च्या पांचव्या कायद्यानें, म्हणजे न्यूटनच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं. राष्ट्राचें मन नवें होण्यास व्यक्तीच्या मनाहून अधिक काळ लागतो, आणि मध्यंतरीं राष्ट्र आपला जमाखर्च मालकांच्या सोयीनें लिहितें.

न्यूटनला प्रथम सेंट मेरी वुलनॉथमध्यें पुरलें होतें. १८९३ सालीं त्याच्या व पत्नीच्या अस्थि ओल्नी येथें नेण्यांत आल्या. थडग्यावरील लेख त्यानें हयातींतच स्वतः तयार करून ठेविला होता. आपण पूर्वीं नास्तिक व स्वैराचारी होतों, आफ्रिकेंत गुलामांचे चाकर होतों, ख्रिस्ताच्या कृपेनें वांचलों, क्षमा पावलों, आणि ज्या धर्माचा नाश करूं पाहत होतों त्याच्याच प्रचारास नेमले गेलों, असा त्या लेखाचा आशय आहे. प्लँटेन बेटांवर उपाशी पडलेला चाकर त्यांत आला आहे. तीन सफरी करणारा कप्तान त्यांत आलेला नाहीं. त्याची कबुली १७८८ च्या त्या लहानशा पुस्तकांतच वाचावी लागते.